जुना रिसीव्हर : नवशिक्यांसाठी, उलट्या क्रमाने

होम थिएटर उभं करायचा शास्त्रशुद्ध क्रम असा आहे : आधी खोली बघावी, मग त्या खोलीला मानवतील असे स्पीकर घ्यावेत आणि सगळ्यात शेवटी त्या स्पीकरना पेलेल असा रिसीव्हर आणावा. हा क्रम माझ्या माहितीत आजवर कोणी पाळलेला नाही. माणूस आधी रिसीव्हरच घेतो. त्याला दिवे असतात, मोठं गोल बटण असतं आणि पाठीमागे इतकी भोकं असतात की नुसतं बघूनच आपण इंजिनियर झाल्यासारखं वाटतं. स्पीकर म्हणजे शेवटी लाकडी खोकं. म्हणून हे मार्गदर्शनही उलट्या क्रमानेच केलं आहे. शिकणारा जिकडे निघालाच आहे, तिकडचीच वाट त्याला दाखवलेली बरी.

ज्यांना अगदी मुळापासून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : टीव्ही, डिस्क प्लेयर, मोबाइल या सगळ्यांचा आवाज ज्या पेटीत शिरतो, तिथे पाच-सात वाटांनी फुटतो, मोठा होतो आणि स्पीकरकडे निघतो, ती पेटी म्हणजे रिसीव्हर. आत एक रेडिओही असतो. तो सहसा कोणी लावत नाही, पण पुढे त्याचं काम पडणार आहे.

नवा सोडून जुनाच का, याचं उत्तर पैसे हे आहेच, पण पूर्ण उत्तर ते नाही. रिसीव्हरचा ॲम्प्लिफायर नीट वापरला तर वीस-वीस वर्षं वाजतो. त्याच्या पाठीवरची एचडीएमआयची भोकं मात्र पाच-सहा वर्षांत जुनी होतात. नवा टीव्ही येतो, नवी जोडणी येते आणि पहिला मालक धडधाकट यंत्र निम्म्याहून कमी किमतीत काढून टाकतो. त्याची ही घाई म्हणजे आपली संधी. काही मालक यंत्र बिघडलं म्हणूनही काढतात. या दोन प्रकारच्या मालकांतला फरक ओळखणं हीच या कलेची गुरुकिल्ली, आणि ती जाहिरातीत लिहिलेली नसते.

पायरी पहिली : जाहिरात वाचणे

ओएलएक्सवरची जाहिरात मराठीत असो, हिंदीत असो की इंग्रजीत, तिची स्वतःची एक भाषा असते. 'वर्किंग कंडिशन' म्हणजे समोरचा दिवा लागतो. 'रिमोट घरात कुठेतरी आहे' म्हणजे रिमोट नाही. 'एक चॅनेल कधी कधी येत नाही, किरकोळ काम' म्हणजे ते किरकोळ काम एका मेकॅनिकने आधीच करून बघितलं आहे आणि स्क्रूंपैकी दोन त्याच्याकडेच राहिले आहेत. 'शिफ्टिंगमुळे देतोय' यावर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही. एवढं वजन एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची कोणाचीच इच्छा नसते.

फोटो पाठीमागूनच मागवायचा. पुढचा भाग सगळ्यांचा सारखाच देखणा असतो. पाठीवर मॉडेल नंबर असतो, व्होल्टेज असतं आणि जोडण्या असतात. मॉडेल नंबरावरून वर्ष काढा आणि वर्षावरून पुढचं गणित मांडा. एआरसी नावाची सोय, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरकडे येणं, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. डोक्यावरून हेलिकॉप्टर नेणारं डॉल्बी ॲटमॉस थिएटरात २०१२ मध्ये आलं आणि घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये. तेव्हा २०११ च्या सेटला कोणी 'ॲटमॉस सपोर्ट करतो साहेब' म्हणालं, तर त्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक करावं आणि फोन ठेवावा.

एचडीएमआयची धास्ती घेऊन पुष्कळ जण चांगले सेट सोडून देतात. त्यासाठी एक पळवाट सांगून ठेवतो. जुन्या रिसीव्हरमधून ४के चित्र पुढे जात नाही, पडदा काळा होतो. कारण त्याला एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप उघडता येत नाही. मग चित्र त्याच्यातून नेताच कशाला? सगळी यंत्रं सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून आवाज तेवढा एआरसीने किंवा ऑप्टिकल वायरीने रिसीव्हरला द्या. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित येतं. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून थिएटरं त्यावरच गाजली होती. तुमच्या हॉलला ते पुरेल.

आता वॅट. इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवशिका बुडतो तो इथेच.

आपल्या पिढीचं वॅटशी नातं मुळातच बिघडलेलं आहे. नव्वदच्या दशकात आपण टेपरेकॉर्डरवर '१२०० वॅट पीएमपीओ' असा स्टिकर बघत मोठे झालो. तोच टेपरेकॉर्डर सहा सेलवर चालायचा आणि घरातल्या कोणालाही यात काही विसंगत वाटत नसे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धत कधी नव्हतीच. तो आकडा फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांसारखा : नावं पन्नास, कामाला येणारा एखादाच. रिसीव्हरवाले इतके बेशरम नसतात, पण साधूही नसतात. '६ ओहमवर, १ किलोहर्ट्झला, एकच चॅनेल वाजवून, १० टक्के डिस्टॉर्शनला १५० वॅट' असं ज्या पेटीवर छापता येतं, तिच्याच माहितीपुस्तकात आतल्या पानावर '८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल वाजवून, ०.०८ टक्क्याला ८० वॅट' असंही असू शकतं. दोन्ही खरं. पण वाजणार आहे ते दुसरं. अमेरिकेत ही आकड्यांची जत्रा इतकी भरली होती की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये वॅट कसे मोजून छापायचे याचा नियमच करावा लागला.

आणि ८० की १०० वॅट यावरून रात्र-रात्र जागणाऱ्यांसाठी : त्या दोहोंतला फरक १ डेसिबलसुद्धा भरत नाही. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरी, जेवण झाल्यावर, शेजारी जिवंत आहेत हे लक्षात ठेवून सिनेमा बघताना बहुतेक वेळ एका स्पीकरमध्ये एक-दोन वॅटच चाललेले असतात. बाकीचे वॅट स्फोटाची वाट बघत बसलेले असतात.

एक इशारा जुन्या बाजारांसाठी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात सेट दिसला तर हरखून जाऊ नका. तिथे प्लग नसतो. 'चालूच आहे, घरी जाऊन लावा' ही तिथली वॉरंटी. शिवाय नावावर भाळू नका. सान्सुई हे एके काळी जपानी ॲम्प्लिफायरमधलं मानाचं नाव. पुढे तेच नाव आपल्याकडे औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने टीव्हीवर लावलं. नाव तेच असलं तरी आतला ट्रान्सफॉर्मर तोच असेल असं नाही. सेट हातात उचलून बघा. वजन हा रिसीव्हरच्या बाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक साक्षीदार आहे, कारण ट्रान्सफॉर्मरचं लोखंड आणि तांबं खोटं बोलू शकत नाही.

पायरी दुसरी : बघायला जाणे

सोबत न्यायचं सामान : दोन-दोन मीटर वायर, जळला तर हळहळ वाटणार नाही असा एखादा स्पीकर, टॉर्च, एक जुनी चादर आणि एखादा मित्र. मित्राला गाण्यातलं कळत नसलं तरी चालेल, पण त्याची कंबर मजबूत हवी.

निघण्यापूर्वी मालकाला फोन करून एक विनंती करायची : 'काका, मी येईपर्यंत सेट लावून ठेवू नका हं.' थंड यंत्र सुरू होताना जे बोलतं, ते तापल्यावर बोलत नाही. तिथे पोचल्यावर नमस्कार-चमत्कार करता करता एक हात सहज सेटच्या झाकणावर ठेवायचा. गरम लागला, तर काकांनी आधीच तासभर लावून तो माणसात आणला आहे, असं समजा.

समजा, डोंबिवली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका निवृत्त आहेत. सेट मुलाचा, मुलगा न्यू जर्सीत. काका बटण दाबतात, दिवे लागतात, काका तुमच्याकडे विजयाने बघतात.

'काका, जरा बंद करून परत चालू करता का?'

'अहो, चालूच आहे की!'

'हो, पण मला तो टक् ऐकायचाय.'

हा 'टक्' म्हणजे सबंध तपासणीचा प्राण. बटण दाबल्यावर दोन-पाच सेकंदांनी आतून रिलेचा खटका ऐकू आला पाहिजे. सेटने स्वतःला तपासलं, सगळं ठीक दिसलं, आता स्पीकर जोडतो, असं तो सांगत असतो. खटका आलाच नाही, किंवा येऊन लगेच परत गेला आणि लाल दिवा मिचमिचू लागला, तर सेट प्रोटेक्शनमध्ये गेला आहे. वायरीचं एखादं टोक दुसऱ्याला चिकटलं असेल तर ते सोडवून पुन्हा बघा. तरीही तेच होत असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेले असू शकतात. 'थोडा वेळ ठेवला की होतो ठीक' असं काका म्हणतील. त्यांनाही तसंच सांगितलेलं असतं.

मग पाठीमागचं व्होल्टेज वाचा. न्यू जर्सीच्या मुलाने मोठ्या हौसेने आणलेला सेट बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावला तर फ्यूज उडणं हा त्यातला भाग्याचा प्रकार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो ट्रान्सफॉर्मर सेटला पुरून उरेल एवढ्या ताकदीचा हवा, मिक्सर-टोस्टरसाठी आणलेला नको. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. एवढं करूनही एक गंमत उरतेच. अमेरिकेतली एफएम स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने, विषम दशांशावर बसलेली असतात आणि तिथले कित्येक सेट तेवढ्याच पायऱ्यांनी चालतात. अशा सेटवर पुण्यात ९८.३ ची मिर्ची झकास लागते आणि १०१ ची विविध भारती काही केल्या लागत नाही. ज्यांच्या घरात विविध भारतीवर दुपारची झोप अवलंबून आहे, त्यांनी हे व्यवहार ठरण्याआधीच तपासावं.

झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघा. धूळ असणारच, तिचं वाईट वाटून घेऊ नका. उबदार, अंधारी आणि कोणी हात न लावणारी जागा झुरळांना फार आवडते. पाल आत शिरून पॉवर सप्लायवर आडवी झाली की तिचाही खेळ खलास आणि सेटचाही. किनाऱ्यालगतच्या घरातला सेट असेल तर पाठीमागच्या टर्मिनलवर हिरवट गंज आहे का, तेही बघा. वास घ्या. जळकट, करपट वास आला तर किमतीची चौकशी करायची गरज नाही.

आता आपला स्पीकर जोडा, सेटमधला टेस्ट टोन लावा आणि तो फसफस आवाज एकेका टर्मिनलवर आणून ऐका. डावा, मधला, उजवा, मागचे. सातही जागा. मालकाने पुढच्या दोनच जागा वर्षानुवर्षं वापरलेल्या असतात आणि बाकीच्यांचं काय झालं हे त्यालाही ठाऊक नसतं. एचडीएमआयचं प्रत्येक भोक वायर लावून तपासा. एकच चालतंय असंही असतं. या बोर्डाचे सुटे भाग जुन्या मॉडेलसाठी मिळणं महाकठीण. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ट्रान्झिस्टर बदलून देणारे हात अजून आहेत. पण बोर्डच नसेल तर तेही काय करणार?

एवढ्यात आतून प्रश्न येतो : 'चहा घेणार ना?' हो म्हणा. भीड म्हणून नाही, तांत्रिक कारणासाठी म्हणा. चहा ठेवून, उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ सेट वाजत राहतो. कित्येक दोष सेट तापल्यावरच बाहेर येतात. एखादं चॅनेल खरखरू लागतं, आवाज मधेच बसतो. बिस्किटं दिली तर अजून पंधरा मिनिटं मिळतात.

रिमोट आणि मायक्रोफोन मागायला विसरू नका. कित्येक सेटांच्या सेटिंगचा मेनू रिमोटशिवाय उघडतच नाही. मायक्रोफोन हा छोटासा, लांब वायरीचा तुकडा असतो आणि दहातल्या नऊ घरांत तो पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत गेलेला असतो. त्याचं महत्त्व खोलीच्या पायरीवर कळेल. काही मिळत नसेल तर घासाघीस करायला हीच जागा. 'वॅट कमी आहेत' म्हणून काका एक रुपया कमी करणार नाहीत. 'मायक्रोफोन नाही, आता मला शोधावा लागेल' म्हटल्यावर हजार-पाचशेला मान डोलावतात.

दुसरीच पायरी, जिन्यावर

सेट चादरीत गुंडाळा. ट्रान्सफॉर्मर बहुधा एका कडेला असतो, त्यामुळे सगळं वजन तिकडेच कलतं. ती बाजू मजबूत कंबरेच्या मित्राकडे द्या. पुढचं बटण धरून सेट उचलू नये. हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

पायरी तिसरी : आता स्पीकर

सेट घरी आला. आता त्याला काय जोडायचं? नवशिक्याचं उत्तर ठरलेलं : जे घरात आहे ते. घरात काय काय असतं ते बघू.

तयार होम थिएटर संचाचे चिमुकले स्पीकर असतात. त्यांच्या पाठीवर ३ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं आणि ते त्यांच्याच छोट्या ॲम्प्लिफायरच्या मापाने बनवलेले असतात. ओहमचा आकडा जितका लहान, तितका स्पीकर जास्त करंट ओढतो. ८ चे ४ झाले की त्याच आवाजाच्या पातळीला करंट दुप्पट. सेटवर '६ ते १६ ओहम' लिहिलेलं असताना ३ ओहमचे पाच स्पीकर लावले तर हळू आवाजात सगळं गोड चालतं आणि क्लायमॅक्सला सेट 'टक्' करून झोपतो. काही सेटांत ओहम निवडायची सोय असते. ती बहुतेक वेळा आतलं व्होल्टेज उतरवून सेट थंड ठेवते, ताकद वाढवत नाही. तिच्या भरवशावर धाडस करू नका.

दोन जोड्या एकाच टर्मिनलवर लावायचा मोह सगळ्यांना होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की सेटला ४ ओहम दिसतात. 'हॉलमध्ये पण वाजेल आणि बाल्कनीत पण' असा विचार मनात आला तर आधी हा भागाकार करावा.

मांडववाल्याकडून आलेला भोंगा किंवा कॉलम स्पीकर कुठे असेल तर तो तिथेच राहू द्या. त्याच्या पोटात १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची दुनिया वेगळी, गणपतीचे दहा दिवस वेगळे.

राहिले ते खरे जुने स्पीकर : मामांचे, काकांचे, कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपनीचे किंवा कोणी परदेशातून आणलेले. यांच्याकडे आदराने बघा आणि मग बोटाने तपासा. जाळी काढा, वूफरच्या कडेची वळी हलकेच दाबा. रबराची असेल तर परत वर येईल. फोमची असेल आणि वीस पावसाळे पाहिलेली असेल तर बोटाला चिकटून भुकटी होऊन येईल. घाबरू नका, रिकोनिंग करणारे कारागीर नवी कड बसवून देतात. पण तो खर्च किमतीतून वजा करा. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या दोन टोकांना लावा. ८ ओहमचा स्पीकर ६-साडेसहाच्या आसपास दाखवतो, ४ चा तीन-साडेतीनच्या जवळपास. मल्टिमीटर खोटा नाही. तो एकदिश प्रवाहाचा रोध मोजतो, पाठीवरचा आकडा बदलत्या प्रवाहाचा असतो.

मल्टिमीटर नसेल तर पेन्सिल सेल घ्या. वूफरसमोर बसा, सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला, उणं काळ्याला, क्षणभर टेकवा. एक छोटा 'टप' आवाज येईल आणि कोन पुढे येईल, तुमच्याकडे. मागे गेला तर आत कोणीतरी वायरी उलट्या जोडल्या आहेत. डाव्या-उजव्यातला एक पुढे आणि एक मागे हलत असेल तर बास आपापसात भांडून नाहीसा होतो आणि गायक दोन भिंतींत वाटला जातो. लोक याला 'स्टिरिओ इफेक्ट फार छान आहे' म्हणतात.

स्पीकरवर वॅट शोधणारे सगळेच असतात. सेन्सिटिव्हिटी बघणारा विरळा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल ऐकू येतं, हा तो आकडा. ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ च्या स्पीकरला १०० वॅट लागतात. म्हणजे चौपट ताकदीचा सेट घेण्यापेक्षा स्पीकरच्या पाठीवरची एक ओळ वाचणं स्वस्त पडतं. यातही एक गोम आहे : पुष्कळ कंपन्या वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमवर ते १ वॅट होतं, ४ ओहमवर २. चार ओहमवाला तेवढे ३ डेसिबल फुकटात मिरवतो.

'५० वॅटच्या स्पीकरला ८० वॅटचा सेट लावला तर जळेल का?' हा प्रश्न हमखास येतो. समजून वाजवलात तर नाही. उलट दमलेला छोटा सेट कानफाट आवाजापर्यंत पिळला की आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते आणि त्या कापलेल्या लाटेने बिचारा ट्वीटर भाजतो. सेट ओरडण्याऐवजी किंचाळायला लागला की आवाज कमी करा, एवढं एक कळलं तरी स्पीकर वाचतात.

मधला स्पीकर, म्हणजे सेंटर, हा टीव्हीखाली ठेवायचा. संवाद तिथूनच येतात. तो नसेल तर सेटच्या मेनूत 'नन' असं सांगून टाका. संवाद डाव्या-उजव्याला वाटून मिळतात. हे न सांगितल्यामुळे कित्येक घरांत पार्श्वसंगीत दणदणीत आणि नायक मुका, अशी चित्रपटगृहं चालू आहेत.

पायरी चौथी : वायर

तांब्याची, १.५ चौरस मिलीमीटरची साधी वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणा. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध एक अष्टमांश ओहमसुद्धा भरत नाही. ऑक्सिजनमुक्त तांबं, चांदीचा मुलामा, वायरीवर बाण काढून दाखवलेली प्रवाहाची दिशा, हे सगळं ज्यांना पैसे कुठे ठेवावेत कळत नाही त्यांच्यासाठी आहे. पायरी संपली.

पायरी शून्य : खोली

जी सगळ्यात आधी बघायची होती ती खोली आता बघू. फरशीचा तळ, तीन कोऱ्या भिंती, एक काचेची सरकती खिडकी, छताला पंखा. अशा खोलीत चुटकी वाजवली तरी ती परत येते. गालिचा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जेवढा आवाज सुधारतो तेवढा पुढचं मॉडेल घेऊन सुधारत नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा बास आपोआप फुगतो, मग वूफर कोणत्याही कंपनीचा असो. सबवूफर कोपऱ्यात ढकलला की फुगवटा वाढतो. म्हणून तो जरा सरकवून, बसायच्या जागेवरून ऐकून ठेवा. घरच्यांना तो जिथे दिसायला नको असतो, तिथेच तो सगळ्यात वाईट वाजतो, हा योगायोग नाही.

इथे तो मायक्रोफोन लागतो. डेनॉन आणि मॅरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी; नावं वेगळी, काम एकच. मायक्रोफोन कानाच्या उंचीला स्टँडवर ठेवायचा, सेट एकेका स्पीकरमधून चिवचिव काढतो, स्वतःच ऐकतो आणि अंतर, पातळी, सूर जमवतो. त्या काळात पंखा बंद, तोंड बंद. घरात कुकर लागलेला नाही याची खात्री करा. तिसऱ्या शिट्टीला सेट 'आजूबाजूला गोंगाट फार आहे' म्हणून काम सोडून देतो. मायक्रोफोन त्या-त्या सेटसाठीच बनवलेला असतो. मोबाइलच्या इअरफोनचा माइक लावून जमत नाही.

जमवाजमव झाली की मेनूत जाऊन स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. कमरेएवढ्या उंचीच्या स्पीकरला 'स्मॉल' म्हणणं मालकाच्या जिवावर येतं, हे मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ इतकाच की ८० च्या खालचं ओझं सबवूफरने उचलावं. मुख्य स्पीकर मोकळे होतात, सेट थंड राहतो, संवाद स्वच्छ येतात.

सेटवर विणलेला रुमाल, फ्रेम केलेला फोटो किंवा सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. त्याला वर मोकळी हवा लागते. आणि रात्री दहानंतर नाइट मोड लावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे आकडे ठाऊक नसले तरी तुमच्या सबवूफरची जागा त्यांना बिनचूक ठाऊक असते.

चार-पाच वर्षांनी तुम्हालाही हा सेट काढावासा वाटेल. तेव्हा जाहिरातीत व्होल्टेज लिहा, कुठलं भोक चालत नाही ते लिहा, पाठीमागचा फोटो टाका. रिमोटमधले सेल काढा आणि मायक्रोफोनसकट तो आजच, आत्ताच, सेटच्या खोक्यात टाकून ठेवा.